हृदयालाच गप्प बसवणारा ताईत : प्राचीन इजिप्तचे स्कॅरॅब

🧵 (१/२०)
१९९९ साली आलेला ‘द ममी’ हा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. थडग्याच्या भिंतींतून काळ्या किड्यांचा लोंढा बाहेर पडतो आणि माणसाला जिवंत कुरतडतो, हे दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही. प्रत्यक्षात या किड्याचे अन्न शेण आहे. माणसाच्या मांसाशी त्याचे काही देणेघेणे नाही. उलट इजिप्तच्या लोकांनी सुमारे दोन हजार वर्षे याच किड्याच्या आकाराचा ताईत गळ्यात घातला, बोटात घातला आणि मृताच्या छातीवरही ठेवला. आजच्या धाग्याचा प्रश्न साधा आहे : हा ताईत नेमका कोणापासून रक्षण करीत होता?

(२/२०)
आधी किड्याची ओळख. शास्त्रीय नाव स्काराबेउस सेकर. आपण त्याला शेणकिडा म्हणू. तो शेणाचा गोळा करतो, डोके खाली घालून मागच्या पायांनी तो ढकलीत नेतो आणि जमिनीत पुरतो. हा गोळा बहुधा त्याची शिदोरी असते. मादी अंडे घालते ते जमिनीखाली घडवलेल्या, पेरूसारख्या निमुळत्या, वेगळ्या गोळ्यात. हा भेद फ्रेंच कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र याने १९व्या शतकाच्या अखेरीस चिकाटीने केलेल्या निरीक्षणातून स्पष्ट झाला. अंडे, अळी, कोष या साऱ्या अवस्था त्या गोळ्याच्या आत पार पडतात आणि मग एके दिवशी मातीतून पूर्ण वाढलेला, चकचकीत किडा वर येतो.

(३/२०)
नाईलच्या काठावरील शेतकऱ्याला दिसत होते ते एवढेच : गोळा मातीत गेला आणि मातीतून नवा जीव बाहेर आला. ना जन्मदाती दिसली, ना अंडे. त्यामुळे हा प्राणी स्वतःच स्वतःला निर्माण करतो, अशी समजूत रूढ झाली. या किड्यांत मादी नसतेच, सारे नरच असतात, ही समजूत ग्रीक लेखक प्लुटार्क यानेही नोंदवून ठेवली आहे. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष चुकीचा होता. तथापि त्या चुकीच्या निष्कर्षातून एक अत्यंत समृद्ध प्रतीक जन्माला आले, हे आपण पुढे पाहणार आहोत.

(४/२०)
इजिप्तच्या चित्रलिपीत या किड्याचे चित्र ‘खेपेर’ या शब्दासाठी वापरीत. खेपेर म्हणजे होणे, अस्तित्वात येणे, रूप पालटणे. याच धातूपासून ‘खेप्री’ हे देवाचे नाव आले. खेप्री हा उगवता सूर्य. मध्यान्हीचा सूर्य रे, मावळतीचा सूर्य आतुम आणि प्रभातीचा खेप्री, अशी ही मांडणी आहे. किडा जसा गोळा ढकलतो तसा खेप्री सूर्यबिंब क्षितिजावर ढकलून आणतो, ही कल्पना त्यातूनच आली. राजांच्या थडग्यांत रंगवलेल्या ‘आम्दुआत’ या ग्रंथात सूर्य रात्रीचे बारा प्रहर पाताळातून प्रवास करतो आणि बाराव्या प्रहराच्या अखेरीस किड्याच्या रूपात पुन्हा जन्म घेतो.

(५/२०)
म्हणजे गळ्यात किडा बांधणाऱ्याच्या मनात किडा नव्हताच. त्याच्या मनात ‘पुन्हा होणे’ ही क्रिया होती. रोज मावळणारा सूर्य रोज उगवतो, तर माणसानेही का उगवू नये, हा विचार त्या बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत सामावलेला होता. इजिप्तमध्ये शब्द, चित्र आणि वस्तू यांच्यात आपण करतो तसा काटेकोर भेद नव्हता. चिन्ह कोरणे म्हणजे त्या गोष्टीला बोलावणे होय. हे ध्यानात ठेवले नाही, तर स्कॅरॅब हा केवळ दागिना वाटू लागतो.

(६/२०)
आता घडणीकडे वळू. किड्याच्या आकाराचे ताईत जुन्या राज्याच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या अस्थिर काळात, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. २२०० ते २००० च्या दरम्यान, रुळू लागले. सर्वाधिक वापरला जाणारा दगड म्हणजे शंखजिरे. तो इतका मऊ की त्यावर सहज कोरता येते. कोरून झाल्यावर तांब्याच्या संयुगांमुळे निळसर-हिरवी दिसणारी झिलई देऊन तो भट्टीत भाजीत. उष्णतेने दगड कठीण होई. आपल्या सिंधू संस्कृतीच्या मुद्राही शंखजिऱ्याच्याच आणि भाजलेल्याच आहेत. दोन दूरच्या संस्कृतींनी एकाच दगडाचा हा गुण ओळखला होता, एवढेच त्यातून म्हणता येते; देवघेवीचा तो पुरावा नव्हे.

(७/२०)
स्कॅरॅबच्या पाठीवर डोके, पंखांची कवचे आणि कडेने पाय कोरलेले असतात; पोटाची बाजू सपाट ठेवलेली असते. लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडलेले असते. त्यातून दोरा ओवून तो गळ्यात बांधीत किंवा तार घालून अंगठीत बसवीत. अंगठीतील स्कॅरॅब स्वतःभोवती फिरे : एरवी किडा वर, आणि गरज पडली की सपाट बाजू वर. ही गरज कोणती, तर शिक्का मारण्याची. मध्य राज्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. सुमारे २००० नंतर, ताईत आणि मुद्रा या दोन भूमिका एकाच वस्तूत एकवटल्या.

(८/२०)
कुलूप सर्रास वापरात नसलेल्या जगात शिक्का हाच पहारेकरी असतो. पेटीच्या झाकणाला एक खुंटी आणि पेटीला दुसरी. दोन्हींना दोरी गुंडाळायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर स्कॅरॅब दाबायचा. माती वाळली की ठसा मोडल्याखेरीज पेटी उघडत नाही. नूबियातील उरोनार्तीसारख्या सीमेवरील किल्ल्यांच्या उत्खननात अशा मातीच्या ठशांचे ढीगच्या ढीग सापडले. धान्यकोठार कोणी उघडले, पत्र कोणत्या कार्यालयातून आले, याचा माग आज त्यांवरून काढता येतो. वस्तूचे रक्षण आणि माणसाचे रक्षण ही दोन्ही कामे एकच किडा करीत होता.

(९/२०)
सपाट बाजूवर काय कोरीत? अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, राजाचे नाव, देवाचे नाव, सर्पिल वेलबुट्टी आणि रक्षकचिन्हे. यांतील काही चिन्हे ओळखता यायलाच हवीत.
🔹 अन्ख : वर फासा असलेला क्रूस, जीवन.
🔹 जेद : आडव्या पट्ट्यांचा स्तंभ, ओसिरिसचा कणा मानला जाई, स्थैर्य.
🔹 वेजात : होरसचा डोळा, पूर्णत्व व आरोग्य.
🔹 नेफेर : हृदय आणि श्वासनलिका यांचे चित्र, चांगले, सुंदर.
🔹 मात : शहामृगाचे पीस, सत्य व विश्वाची सुव्यवस्था.
🔹 उरेउस : फणा काढलेली नागीण, राजसत्तेची रक्षक.

(१०/२०)
वेजातमागे एक कथा आहे. राज्यासाठी होरस आणि सेत यांच्यात लढाई होते, होरसचा डोळा जखमी होतो आणि थोत हा देव तो पुन्हा सांधतो. म्हणून हा डोळा ‘इजा झाली तरी भरून येणे’ याचे चिन्ह ठरला. किड्याच्या पोटावर हा डोळा कोरला की ‘पुन्हा होणे’ आणि ‘पुन्हा अखंड होणे’ या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. मात्र प्रत्येक चिन्हसमूहात गूढ वाक्य शोधण्याचा मोह टाळावा. हिक्सोस राजांच्या काळातील अनेक स्कॅरॅबवर चित्रलिपीची अक्षरे अशा क्रमाने येतात की त्यांतून सरळ शब्द लागत नाही. लिपी वाचता न येणाऱ्यालाही लिपीचा आधार वाटत होता.

(११/२०)
राजाचे नाव हेही रक्षकचिन्हच होते. तिसरा थुतमोस (इ.स.पू. सुमारे १४७९ ते १४२५) याचे राज्याभिषेकनाम ‘मेनखेपेररे’. ते लिहायला तीनच चिन्हे लागतात : सूर्यबिंब, पटखेळाचा पट आणि आपला शेणकिडा. पराक्रमी राजाचे नाव, त्यात सूर्य आणि त्यात खेपेर! हे नाव इतके मंगल मानले गेले की राजाच्या मृत्यूनंतर शेकडो वर्षे कारागीर ते कोरीतच राहिले. राजाला माणूस म्हणून ओळखणारे कोणी उरले नाही, तरी त्याचे नाव लोकांच्या गळ्यातील ताईत होऊन राहिले. इथे वाक्प्रचार आणि वस्तुस्थिती एकच आहे.

(१२/२०)
इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक सापळा आहे. उत्खननात मेनखेपेररे नावाचा स्कॅरॅब सापडला, म्हणून तो थर थुतमोसच्या काळचा ठरत नाही. थर त्या राजाच्या आधीचा नाही, एवढेच सिद्ध होते. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे समुद्रतळाशी असलेल्या कांस्ययुगीन जहाजाचा शोध १९८२ साली एका स्पंज-पाणबुड्यामुळे लागला. १९८४ ते १९९४ या काळात त्याचे उत्खनन झाले. त्यात नेफरतिती राणीचे नाव असलेला सोन्याचा स्कॅरॅब मिळाला. त्यामुळे जहाज तिच्या काळापूर्वी बुडाले नाही, हे निश्चित झाले. परंतु तो स्कॅरॅब मौल्यवान ताईत म्हणून जहाजावर होता की केवळ मोडीचे सोने म्हणून, हे नाव वाचून सांगता येत नाही.

(१३/२०)
तिसरा आमेनहोतेप (इ.स.पू. सुमारे १३९० ते १३५२) याने मात्र स्कॅरॅबचा आगळाच उपयोग केला. तळहातावर मावतील असे मोठे स्कॅरॅब घडवून त्यांच्या पोटावर त्याने चक्क राजकीय वार्ता कोरल्या. असे दोनशेहून अधिक स्कॅरॅब आज ज्ञात आहेत. विषय पाच : तिये राणीशी विवाह; रानबैलांची शिकार; पहिल्या दहा वर्षांत मारलेले १०२ सिंह; दहाव्या वर्षी मितान्नीची राजकन्या गिलुखेपा हिचे ३१७ स्त्रियांसह आगमन; आणि अकराव्या वर्षी तियेसाठी खोदलेला ३७०० हात लांबीचा तलाव. हे स्कॅरॅब सुदानपासून सीरियापर्यंत सापडले आहेत.

(१४/२०)
या वार्तांतील एक तपशील विशेष लक्षणीय आहे. तिये राजघराण्यातील नव्हती. तिच्या पित्याचे नाव युया आणि मातेचे थुया, हे राजाने उघडपणे कोरले आणि लगोलग आपल्या साम्राज्याच्या सीमाही सांगितल्या. जणू ‘हिचे माता-पिता हे आहेत आणि ही ज्याची पत्नी आहे त्याचे राज्य एवढे आहे’ असे बजावले. दरबारात यावर कुजबुज झाली असेल काय? तसा पुरावा नाही. परंतु ही घोषणा पुनर्जन्माच्या चिन्हावर कोरून दूरवर पाठवावी असे राजाला वाटले, यातून त्या चिन्हाचे वजन कळते. कर्नाक येथील पवित्र तलावाकाठचा ग्रॅनाइटचा प्रचंड स्कॅरॅबही याच राजाचा आहे.

(१५/२०)
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ममी तयार करताना मेंदू नाकावाटे काढून टाकीत. फुप्फुसे, यकृत, जठर आणि आतडी वेगळ्या पात्रांत ठेवीत. हृदय मात्र शरीरातच राहू देत. विचार, स्मृती आणि सदसद्विवेक यांचे स्थान हृदय, अशी इजिप्तची धारणा होती. मृत्यूनंतर ओसिरिसच्या न्यायसभेत तराजूच्या एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात मातचे पीस ठेवले जाई. थोत निकाल लिहून घेई. शेजारीच मगरीच्या तोंडाची, सिंहाच्या पुढच्या अंगाची आणि पाणघोड्याच्या मागच्या अंगाची आम्मित वाट पाहत बसलेली असे. दोषी ठरलेले हृदय ती गिळी आणि तो जीव कायमचा नाहीसा होई.

(१६/२०)
याच क्षणासाठी ‘हृदय-स्कॅरॅब’ घडवीत. तो इतर स्कॅरॅबपेक्षा मोठा, बहुधा हिरव्या वा गडद दगडाचा असे आणि ममीच्या छातीवर ठेवला जाई. त्याच्या पोटावर ‘मृतांच्या ग्रंथा’तील ३०(ब) क्रमांकाचा मंत्र कोरीत. मंत्राचा आशय असा : मृत व्यक्ती स्वतःच्याच हृदयाला, आईकडून मिळालेल्या हृदयाला, विनवते की न्यायसभेत माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहू नकोस, तराजूच्या राखणदारासमोर मला खोटे पाडू नकोस. ताईत हिरव्या दगडाचा असावा, त्याला सोन्याची कड आणि चांदीचे कडे असावे, अशी सूचनाही मंत्रासोबत येते. मेनकाउरे राजाच्या काळी राजपुत्र होरजेदेफ याला हा मंत्र हर्मोपोलिस येथे सापडला, असे परंपरा सांगते.

(१७/२०)
धाग्याच्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. साप, विंचू, शत्रू, रोग यांच्यासाठी इतर ताईत होतेच; हा सर्वांत महत्त्वाचा स्कॅरॅब माणसाचे रक्षण करीत होता ते त्याच्या स्वतःच्या हृदयापासून. कारण सारे काही पाहिलेला साक्षीदार तोच. मग ही सरळसरळ लबाडी नव्हे काय? ज्या समाजाने सत्याला देवी मानले, त्यानेच साक्षीदाराला गप्प बसवण्याचा ताईत विकला! अनेक हृदय-स्कॅरॅबवर नावाची जागा कोरीच आढळते. माल आधी तयार होई, नाव नंतर पडे. कोणत्याही गिऱ्हाइकाचे हृदय गप्प करण्याची ही सोय होती, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे सोपे नाही.

(१८/२०)
तरीही मला मंत्रातील एक शब्द थांबवतो. त्यात हृदयाला ‘माझ्या निरनिराळ्या रूपांचे हृदय’ अशा अर्थाने हाक मारली आहे, आणि ‘रूपे’ यासाठीचा शब्द पुन्हा खेपेरपासूनच आला आहे. माणूस बाळ असतो, तरुण होतो, म्हातारा होतो. चुकतो, सावरतो, पालटतो. हृदय मात्र ही सारी रूपे लक्षात ठेवते. त्यांतील एकच वाईट रूप उचलून तेच माझी ओळख म्हणून मांडू नकोस, असे ती विनवणी सांगते, हे माझे वाचन. विद्वान याहून कठोर अर्थ लावतात, त्यांनाही आधार आहे. परंतु रूप पालटणाऱ्या किड्यावरच हा मंत्र का कोरला, याचा उलगडा मला या वाचनात अधिक नीट होतो.

(१९/२०)
ताइताने शरीराचे रक्षण केले काय? ब्रिटिश म्युझियममध्ये सोबेकेमसाफ नावाच्या १७व्या राजवंशातील राजाचा हृदय-स्कॅरॅब आहे : हिरवा जास्पर, सोन्याचे कोंदण आणि किड्याला चक्क माणसाचा चेहरा. ज्ञात हृदय-स्कॅरॅबपैकी तो अगदी आरंभीचा. याच नावाच्या राजाचे थडगे फोडणाऱ्या चोरांचे कबुलीजबाब नवव्या रामसेसच्या १६व्या वर्षाच्या पपायरसवर नोंदलेले आहेत. राजाच्या गळ्यातील ताईत आणि सोने ओरबाडले, शवपेट्या पेटवून दिल्या, असे चोर सांगतात. दगडाने चोरांना अडवले नाही. राजाचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले ते मात्र त्या दगडामुळे आणि त्या कबुलीजबाबामुळे, दोन्हींमुळे.

(२०/२०)
पुढे हा किडा जगभर गेला. फिनिशियन व्यापाऱ्यांनी तो भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने नेला, नाईलच्या मुखप्रदेशातील नाउक्रातिस येथे ग्रीकांसाठी स्कॅरॅब घडवणारा कारखानाच होता, इट्रस्कन कारागिरांनी तो लाल अकीकात कोरला. तुतानखामुनच्या एका उरोभूषणातील पिवळसर स्कॅरॅब हा लिबियाच्या वाळवंटातील, सुमारे २.९ कोटी वर्षांपूर्वी बनलेल्या नैसर्गिक काचेचा असल्याचे १९९०च्या दशकात ध्यानात आले. आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार दक्षिण आफ्रिकेतील शेणकिडे रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून आपली दिशा राखतात. इजिप्तच्या लोकांनी त्याला सूर्याशी जोडले होते. त्याचे आकाशाशी नाते आहे, ही त्यांची जाणीव पूर्णतः निराधार नव्हती.

मित्रहो, पुढच्या वेळी संग्रहालयात किंवा छायाचित्रात स्कॅरॅब दिसला, तर पाठीवरच्या किड्यापाशीच थांबू नका. पोटावर काय कोरले आहे तेही विचारा. तिथे कोणाची तरी पेटी, कोणा राजाचा गाजावाजा, किंवा कोणाची तरी स्वतःशीच केलेली विनवणी असेल. सतराव्या आणि अठराव्या भागांतील दोन वाचनांपैकी तुम्हाला कोणते पटते, ते अवश्य लिहा; मतभेदाचे स्वागत आहे. धागा इथे संपतो. 🙏

#इतिहास #प्राचीन_इजिप्त #मराठी